कुणालाच पाठ नसलेला अध्याय

आमच्या मंडळीत शास्त्र वाचताना कोणी अडखळलं, तर त्याला एकटं सोडायची पद्धत नाही. वाचणारा एखाद्या शब्दावर थबकला रे थबकला, की पुढच्या बाकावरून, मागच्या बाकावरून, पेटी वाजवणाऱ्याकडून, कधी कधी तर उशिरा येऊन दारात चपला काढणाऱ्याकडूनसुद्धा तो शब्द येतो. मेंढपाळाचं स्तोत्र, प्रीतीवरचा अध्याय, घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट, सगळ्यांना सगळं पाठ. लहानपणापासून ऐकून ऐकून ते अंगात मुरलेलं आहे. नव्या माणसाला हे फार प्रेमळ वाटतं. मलाही साठ वर्षं तसंच वाटत आलं होतं.

वाचनाची पाळी असते. दर रविवारी एका घराने वाचायचं, आणि काय वाचायचं ते त्या घराने ठरवायचं. पाळ्यांचा कागद देवळाच्या दाराशी लावलेला असतो. (आम्ही जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतो.) रत्नागिरीत आमची घरं मोजकीच, त्यामुळे पाच-सहा महिन्यांनी पाळी फिरून येते. ज्यांना वाचता येत नसे ते आपलं पाठ असलेलं स्तोत्र निवडत, पुस्तक उघडून समोर धरत आणि घडाघडा म्हणून टाकत. हे पूर्वापार चाललेलं होतं. कोण वाचतं आणि कोण म्हणतं, याची चौकशी कोणी करत नसे.

मी चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून टाकते. चूक दिसली की माझी जीभ थांबत नाही. दुकानाच्या पाटीवर चूक असेल तर मी दुकानदाराला बाहेर बोलावून दाखवते. एसटी स्टँडजवळच्या रसवंतीवाल्याने एकदा मला हात जोडून सांगितलं होतं, "बाई, तुम्ही रस प्या आणि जा." निवृत्त झाल्यावर तर शिकवायला समोर वर्गच उरला नाही, त्यामुळे सगळं गाव माझ्या तावडीत सापडलं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नवे पाळक आले. कोल्हापूरकडचे, तरुण, आवाज खणखणीत. त्यांना आमच्या चालीरीती ठाऊक नव्हत्या. एका रविवारी मावशींची पाळी होती. मावशी पंचाहत्तरीच्या. पूर्वी दवाखान्यात आया होत्या. नवरा गेल्यापासून देवळाच्या आवारातल्या खोलीत एकट्या राहतात, देवळाची झाडलोट करतात आणि रविवारी घंटा वाजवतात. मंडळीचा कारभार बघणारे आमचे वरिष्ठ पंच वयाने त्यांच्या बरोबरीचे, पण तेही त्यांना मावशीच म्हणतात. मावशी नेहमीचं स्तोत्र धरून उभ्या राहिल्या, तेवढ्यात पाळक म्हणाले, "मावशी, आज हे नको. माझ्या उपदेशाला धरून एक उतारा काढलाय, तेवढा वाचा."

मावशींनी पुस्तकाकडे पाहिलं, पदर चाचपला आणि म्हणाल्या, "साहेब, चष्मा इसरलंय."

चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत होता.

पाळकांनी तो पाहिला, मीही पाहिला. पाळक स्वतःच उतारा वाचू लागले, पण मला पुढचं एक अक्षर ऐकू आलं नाही. चाळीस मुलांच्या वर्गात न वाचता नुसते ओठ हलवणारं पोर मी पहिल्या आठवड्यात हेरत असे, त्याचा मला गर्व होता. आणि या बाईंच्या शेजारी मी तीस वर्षं बसत होते. मला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली की मला राग येतो, म्हणून मी तो पाळकांवर काढला. उपासनेनंतरच्या चहाला त्यांना म्हटलं, "म्हाताऱ्या बाईला सगळ्यांसमोर उघडं पाडलंत."

ते म्हणाले, "माझी चूक झाली. पण आता काय करायचं ते तुम्ही सांगा. शिक्षिका तुम्ही आहात."

असा आमचा प्रौढांचा वर्ग सुरू झाला. दर शनिवारी दुपारी चार वाजता, देवळाच्या मागच्या खोलीत, जिथे नाताळचं सामान आणि मोडकी बाकं ठेवतात. उपासनेत तीनदा पुकारा करूनही दोघंच आले. एक मावशी. दुसरा जयगडच्या बंदरावर कामाला जाणारा चाळिशीचा गृहस्थ, चौथीतून शाळा सोडलेला. मी दोघांनाही विचारलं, कशासाठी शिकायचं आहे? तो म्हणाला, "बंदरावर पाट्या लावलेल्या असतात बाई, इकडे जाऊ नका, तिकडे जाऊ नका. बाकीचे वाचून वळतात. मी त्यांच्या मागून वळतो."

मावशी म्हणाल्या, "एवढं जाड पुस्तक हाय ता. माज्या कानावर त्यातली धा-वीस पानं आली. तीच तीच. पन्नास वर्सं जाला तुमी माला चांगलं चांगलं तेवढंच वाचून दाखवताव. बाकीच्यात काय लिवलंय ता माला बगायचंय."

म्हणजे आम्ही काहीतरी लपवून ठेवलं आहे असा त्यांचा वहीम होता. आणि एकदा तरी, आपल्या पाळीला, देवळात उभं राहून खरंखुरं वाचायचं, पाठ म्हणायचं नाही, हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मला ते फार सोपं काम वाटलं.

पहिला धडा म्हणून मी त्यांना मेंढपाळाचं स्तोत्रच दिलं. ओळखीचं आहे, लवकर जमेल, असा माझा हिशेब. आणि जमलंच. तिसऱ्या शनिवारी मावशी शब्दावर बोट ठेवून न अडखळता वाचू लागल्या. मी पाळकांना फोन करून कळवलंसुद्धा. चौथ्या शनिवारी त्या वाचत असताना पंख्याच्या वाऱ्याने पान उलटलं. मावशींचं बोट पुढच्या पानावर सरकत राहिलं आणि तोंड जुनं स्तोत्र म्हणत राहिलं. बंदरावरच्या गृहस्थाने माझ्याकडे पाहिलं. मी पंखा बंद केला, पुस्तकही बंद केलं आणि म्हटलं, "मावशी, आजपासून पवित्र शास्त्र इथे आणायचं नाही."

पाळकांना मी हे सांगितलं तेव्हा ते दचकले. पण चौतीस वर्षं शिकवून जे मला कळलं नव्हतं ते त्या पंख्याने शिकवलं. पाठ असलेल्या मजकुरावर वाचन शिकवता येत नाही. मग आम्ही औषधाच्या पाकिटांवरून शिकलो, विजेच्या बिलावरून शिकलो, लग्नपत्रिकांवरून शिकलो. मावशींना लग्नपत्रिका आवडत, कारण पुढे काय येणार ते सांगता येत नसे. कधी आत्याचं नाव, कधी अख्ख्या गावाचं. दर बुधवारी त्या एसटी स्टँडवर जाऊन बसू लागल्या. गाडी आली की पाटी वाचायची. पाली. जयगड. पोफळी. एकदा कंट्रोलरने विचारलं, "आजी, कुठं जायचंय? सकाळपासून बसलायत." मावशींनी सांगितलं, "कुटं नाय. वाचतंय."

चार-पाच महिन्यांत त्या वाचू लागल्या. सावकाश, एकेक अक्षर उचलून. जोडाक्षराशी थांबत, त्याच्याकडे जरा रागाने बघत, मग वाचत. त्या थांबण्याची मला सवय झाली होती. निदान त्या खोलीपुरती झाली होती.

पाळीचा रविवार आला. मावशींनी एक स्तोत्र निवडलं, नेहमीचं नव्हे पण ओळखीचंच. खरं वाचायचं म्हणून त्यांनी ते महिनाभर मुद्दाम कानाआड केलं होतं. चष्मा लावला, बोट ठेवलं आणि सुरुवात केली. पहिली ओळ आली. दुसऱ्या ओळीतल्या एका जोडाक्षराशी त्या थांबल्या, नेहमीसारख्या.

आणि सगळं देऊळ धावून आलं. आमचे वरिष्ठ पंच पोफळीच्या वीजघरातून निवृत्त झालेले. यंत्रांच्या घरघरीत आयुष्य गेल्यामुळे त्यांचा आवाज नेहमीच वर लागलेला असतो. त्यांनी शब्द सांगितला. पेटीवाल्याने पुढचा सांगितला. मागून बायकांनी ओळच पुरी केली. मावशींनी मान हलवली, बोट पुन्हा त्याच जागी आणलं, पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा थांबल्या, पुन्हा आवाज आले. तिसऱ्या वेळी त्यांनी पुस्तक मिटलं आणि वाचनपीठावरून उतरून जागेवर येऊन बसल्या. उरलेलं स्तोत्र लोकांनीच म्हणून टाकलं. छान झालं असंच सगळ्यांना वाटत होतं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "काय हो ही माणसं! जरा धीर म्हणून नाही."

मावशी चपला घालत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बाई, सगल्यात मोटा आवाज तुमचा व्हता."

मला आठवेना. खरंच आठवेना. मी शेजारी बसणाऱ्या माझ्या सुनेला विचारलं, तर तिने खाली बघत मान डोलावली. तिन्ही वेळा मी बोलले होते, आणि पंचांच्याही आधी.

पुढच्या शनिवारी मावशी वर्गाला आल्या नाहीत. त्याच्या पुढच्याही नाहीत. बंदरावरचा गृहस्थ एकदा आला, रिकामं बाक बघून म्हणाला, "मावशींचं असं झालं, तर माझं काय होणार?" आणि त्याचंही येणं थांबलं. पंचांच्या बैठकीत मी भांडले. म्हटलं, कोणी वाचत असताना मधे बोलायचं नाही असा ठराव करा. वरिष्ठ पंच दुखावले. म्हणाले, "आम्ही मदत केली. बुडणाऱ्याला हात द्यायचा नाही का?" मी म्हटलं, "त्या पोहत होत्या." बैठक तिथेच मोडली. पाळक बिचारे दोघांकडे बघत राहिले. ठराव झाला नाही, आणि झाला असता तरी तो सर्वांत आधी मीच मोडला असता, हे मनातून मला माहीत होतं.

शेवटी एका दुपारी मी फणसाचे गरे घेऊन मावशींच्या खोलीवर गेले. माफी मागायला गेले होते, पण मला ते काम येत नाही. फणसाबद्दलच बोलत बसले. मावशींनी गरे खाल्ले, आठळ्या धुऊन वाळत टाकल्या, हात पुसले. मग म्हणाल्या, "बाई, तुमी बोललाव त्याचा राग नाय. तुमाला पाट हाय तर तुमी बोलनारच. तुमचा इलाज नाय." मग कपाटावरून पुस्तक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. "ह्यात असं कायतरी काढा, जे तुमाला पाट नाय. पंचांना पाट नाय. कुनालाच पाट नाय."

मी खुळ्यासारखी बघत राहिले. अख्ख्या पुस्तकात सगळ्यांना अवघड जाणारा भाग कोणता, तर याद्यांचा. कोण कुणाचा मुलगा, कुणी काय दिलं, कुणी किती दिवस चाललं. ते भाग लोक बोटाने सरकवून पुढे जातात. मीही जात आले होते. आम्ही दोघी पानं उलटत बसलो, आणि एका अध्यायाशी मावशींचं बोट थांबलं. पडलेल्या नगराची कोटाची भिंत लोकांनी पुन्हा बांधली, त्याची ती यादी. अमक्याने अमक्या वेशीपासून तमक्या बुरुजापर्यंत डागडुजी केली, त्याच्या शेजारी तमक्याने केली. बस्स, एवढंच, पानभर.

मला ते रटाळ वाटलं. मावशी ताठ बसल्या. त्यांचे वडील पालीकडचे गवंडी. आमच्या देवळाभोवतीची जांभ्या चिऱ्याची भिंत पडली होती तेव्हा ती त्यांनी पुन्हा उभी केलेली. ती अजून आहे. मावशी एकेक ओळ अक्षर लावत वाचू लागल्या आणि मला सांगू लागल्या. "बरोबर हाय. एकान् इकडून धरायचा, दुसऱ्यान् तिकडून. नायतर मदे फट रवते." माशांची वेस आली तेव्हा त्या हसल्या. उकिरड्याची वेस आली तेव्हा म्हणाल्या, "तिकडंबी कोनीतरी काम केलानच की." एके ठिकाणी लिहिलं आहे की गावातल्या बड्या माणसांनी काही कामाला खांदा लावला नाही. मावशींनी ती ओळ दोनदा वाचली. "म्हंजे पंच तवाबी व्हते."

आणि मग ती ओळ आली. एका माणसाने आपल्या मुलींना घेऊन भिंत बांधली, अशी. त्या पानभर पुरुषांत तेवढ्याच मुली.

मावशींनी त्या ओळीवरचं बोट उचललं नाही. मग म्हणाल्या, "आमी दोगी भयनी. मी धा वर्सांची. एक चिरा दोगींनी मिळून उचलायचा आनी बाबांच्या हातात द्यायचा. कुनी लिवून ठेवला नाय त्याचा." मग माझ्याकडे वळून त्यांनी जरा रागानेच विचारलं, "ह्या तुमी माला कदी वाचून का दाखवलाव नाय?"

मी स्वतःच तो अध्याय त्या दिवशी पहिल्यांदा वाचत होते. साठ वर्षं मंडळीत, चौतीस वर्षं शिक्षिका, आणि हे पान माझ्या हातून कधी उघडलंच गेलं नव्हतं. तेव्हा मात्र मला माफी मागता आली.

वर्ग पुन्हा सुरू झाला. बंदरावरच्या गृहस्थाला मावशीच घरी जाऊन घेऊन आल्या. ती नावं महाकठीण, जिभेची परीक्षा बघणारी. मलाही पहिल्या फटक्यात येत नसत, आणि मला येत नाहीत हे बघून ते दोघं फार खूश होत. पाळी जवळ आली तशी पाळकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, उपासनेत नावांची यादी कोण वाचतं? लोक कंटाळतील. मावशींना दुसरं काही सुचवा ना." मी त्यांना म्हटलं, "पाळी त्यांच्या घराची आहे. निवडायचं त्यांनी." हे मी शांतपणे म्हटलं. त्यांनाही नवल वाटलं असावं. मनात मात्र धाकधूक होती. या खेपेला पुस्तक मिटलं गेलं तर ते पुन्हा उघडणार नाही, हे मला कळत होतं. मावशींनाही कळत होतं.

रविवारी त्यांनीच घंटा वाजवली, हात धुतले आणि येऊन बसल्या. वाचनाची वेळ झाली तेव्हा वर जाऊन त्यांनी अध्याय सांगितला. लोकांत जरा चुळबूळ झाली. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवलं, वाचू लागल्या. पहिलं नाव आलं. दुसरं आलं. तिसऱ्या नावाशी त्या थांबल्या.

वरिष्ठ पंचांनी सवयीने मान वर केली, तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की सांगायला काही नाही. त्यांनी पेटीवाल्याकडे पाहिलं. पेटीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. देवळात कुणाचाच आवाज येईना. मग एक वेगळाच आवाज सुरू झाला. बाकांवरची पुस्तकं उघडत होती. इतकी वर्षं मांडीवर मिटून ठेवलेली पुस्तकं उघडून लोक तो अध्याय शोधत होते. पंचांना सापडेना. मागच्या बाकावरच्या बंदरवाल्या गृहस्थाने पुढे वाकून त्यांना पान काढून दिलं.

ते नाव मला येत होतं. चार महिने मी ते घोकलं होतं. ओठावर आलं, तेव्हा मी रुमाल तोंडाला लावून धरला. मावशींनी त्या नावाकडे रागाने पाहिलं, आणि वाचलं.

मग त्या वाचत गेल्या. थांबत, वाचत, थांबत. लोक ओळीवर बोट ठेवून मागे मागे येत होते. माशांच्या वेशीशी कोणीतरी हसलं. बड्या माणसांच्या ओळीशी पाळक खोकले. आणि मुलींच्या ओळीशी आल्यावर मावशी पुन्हा थांबल्या. या वेळी अडल्या नव्हत्या, हे मला एकटीलाच ठाऊक होतं. त्यांनी खिडकीतून बाहेर भिंतीकडे पाहिलं, मग ती ओळ वाचली, मोठ्याने, आणि पुढच्या नावाकडे वळल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी ते पुसलं नाही. अध्याय संपेपर्यंत कोणीही एक शब्द सांगितला नाही.

नंतर चहा होता, नानकटाई होती. वरिष्ठ पंच कप घेऊन मावशींजवळ आले. काखेत पुस्तक, आत बोट खुपसलेलं. आवाज नेहमीपेक्षा बराच खाली. म्हणाले, "मावशी, ते तिसरं नाव कसं म्हणायचं हो? मला काही लागेना."

मी तिथेच उभी होते. सांगण्यासाठी तोंड उघडलं. मावशींनी माझ्याकडे न बघताच हात वर करून मला गप्प केलं. मग पंचांचं पुस्तक उघडून त्या नावाखाली बोट ठेवलं.

"तुमीच वाचा," त्या म्हणाल्या. "काय घाई नाय. आमी थांबतोय."

पंच अक्षर लावू लागले. कपातला चहा निवत होता. आम्ही थांबलो.